उन्हाळ्याच्या तोंडावर परसबाग

(संस्थेच्या जानेवारीतील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



मला विषय दिला आहे 'वसंत ऋतूतील परसबाग'. विषय पुकारला गेला तेव्हा काही पालकांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मी इथून पाहिले. फेब्रुवारी-मार्च म्हणजे दहावी-बारावीचे दिवस. अशा वेळी मुलाच्या हातात पुस्तक द्यायचे की झारी, असा तुमचा प्रश्न असणार. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी देणार आहे, पण थोडे पुढे.

आधी वसंताबद्दल. बागकामावरची जी पुस्तके आपल्या वाचनालयांत असतात त्यांतली बरीचशी थंड मुलखातल्या माहितीवर बेतलेली असतात. तिकडचा वसंत म्हणजे बर्फ वितळल्यानंतरचा काळ. जमीन हळूहळू ऊब धरते आणि लोक वाटाणा, कोबी, पालक पेरायला निघतात. ते वाचून आपल्याकडचा एखादा हौशी माणूस मार्चमध्ये कोबीची रोपे लावतो आणि एप्रिलमध्ये ती होरपळली की माती वाईट म्हणतो. माती वाईट नसते. आपल्या रत्नागिरी-रायगडच्या पट्ट्यात कोबी, वाटाणा, मुळा ही हिवाळ्याची पिके. ती पावसाळा सरल्यावर लागतात आणि फेब्रुवारीपर्यंत आटोपतात. टोमॅटोचेही तसेच, कडक उन्हात त्याची फुले गळून जातात. आपला वसंत पंचांगाप्रमाणे चैत्र-वैशाखाचा, म्हणजे आंबा पाडाला येण्याचा आणि विहिरीचा तळ दिसू लागण्याचा. थंड देशातल्या माळ्याला वसंतात थंडीशी झगडावे लागते, आपल्याला उन्हाशी. एवढा एक फरक लक्षात ठेवला तर पुढचे सगळे सोपे जाते. वसंतात ज्यांना हिरवी भाजी खायची आहे त्यांनी जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंत पेरणी उरकावी. मग कडक ऊन पडेपर्यंत मुळे खोल गेलेली असतात आणि पाने जमिनीवर सावली धरू लागतात.

आता जागेचा प्रश्न. आपल्या गावांतून फिरताना मला एक गोष्ट सलते. आखातात घाम गाळून मिळवलेल्या पैशांतून चांगली घरे उभी राहिली. त्यात आनंदच आहे. परंतु घराबरोबर परसदारही गेले. जिथे पूर्वी केळ, अळू, मिरचीची चार झाडे आणि कढीलिंब असे, तिथे आता कुंपणाच्या भिंतीपासून भिंतीपर्यंत सिमेंटच्या फरशा बसवलेल्या दिसतात. धूळ येत नाही हे खरे. पण त्या फरशीवर पडलेले पावसाचे पाणी आपल्याच विहिरीला मिळत नाही, आणि उन्हाळ्यात तीच फरशी तव्यासारखी तापून रात्रीपर्यंत घरात उष्णता सोडत राहते. नवे घर बांधणाऱ्यांना माझी विनंती आहे की स्वयंपाकघराच्या मागे दहा फूट बाय दहा फूट जागा उघडी सोडा. ज्यांनी आधीच बसवल्या आहेत त्यांनी कडेच्या दोन ओळी उचलाव्यात. वेलीला त्यापेक्षा जास्त जागा लागत नाही, तिला लागतो तो मांडव.

हा खटाटोप कशासाठी, तेही सांगतो. २०१९-२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये आणि पाच वर्षांखालील ६७ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे या मंडपात बसलेल्या प्रत्येक दुसऱ्या आईला आणि बहिणीला हा प्रश्न लागू असण्याचा संभव आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत मोठ्या माणसाने दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे खावीत असे म्हटले आहे. आपल्या घरी मासळी आहे, मटण आहे, तांदळाची भाकरी आहे, पण पालेभाजी मात्र पाहुण्यांसमोर ठेवायला आपल्याला संकोच वाटतो. ती 'गरिबाची' समजली जाते. दावतीच्या दस्तरखानावर लाल माठाची भाजी मी अद्याप पाहिलेली नाही.

माठ खाल्ल्याने रक्तक्षय बरा होतो असे मात्र मी म्हणणार नाही. पालेभाजीतले लोह शरीर थोडेच शोषते. मटणातले लोह त्यापेक्षा सहज शोषले जाते. परंतु पालेभाजीवर लिंबू पिळले, किंवा तिच्याबरोबर थोडे मटण-मासे असले, तर भाजीतले लोहही अधिक कामी येते. उलट जेवल्याबरोबर चहा घेतला तर तो चहा त्यात आडकाठी करतो. आता आपल्याकडे जेवणानंतरचा चहा सोडायला कोण तयार होईल, हा वेगळा विषय आहे! निदान तासभर थांबावे. आणि ज्या मुलीचे हिमोग्लोबिन कमी आले आहे तिने डॉक्टरांनी दिलेले औषध घ्यावे, शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी खिडकीबाहेर टाकू नये. परसबाग त्या औषधाच्या जोडीला आहे. त्याच्या बदल्यात नव्हे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. आपली जांभ्याची तांबडी माती पाणी धरून ठेवत नाही. सकाळी घातलेले पाणी दुपारपर्यंत खाली निघून जाते. तिच्यात चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. दोन घमेली माती तर एक घमेले खत, एवढे सढळ हाताने. ताजे शेण घालू नये, त्याने मुळे भाजतात आणि हुमणी येते. शेणखत मिळत नसेल तर स्वयंपाकघरातला भाजीपाल्याचा कचरा आणि वाळलेली पाने एका खड्ड्यात थर देऊन कुजवावीत, दोन-तीन महिन्यांत खत तयार होते. पावसाळ्यात आपण गादीवाफे करतो ते पाणी निघून जावे म्हणून. उन्हाळ्यात नेमके उलट करायचे. वाफा सपाट, किंवा जमिनीपेक्षा चार बोटे खोल ठेवायचा, म्हणजे पाणी तिथेच मुरते. वेलींसाठी हातभर खोल अळे खणावे आणि तळाशी नारळाची सोडणे, आतली काथ्याची बाजू वर करून, पसरावीत. ती पाणी शोषून घेतात आणि मुळांना हळूहळू देत राहतात. पेरणी उगवून आली की वाफ्यावर पेंढा किंवा आंब्या-फणसाचा वाळका पाला अंथरावा. हाच पाला एरवी आपण रोज सकाळी झाडून, ढीग करून पेटवून देतो, आणि मग बाजारातून खताची पिशवी विकत आणतो.

पाण्याबद्दल लोक म्हणतात, "प्यायला पुरत नाही, भाजीला कुठून आणू?" तांदूळ धुतलेले, डाळ धुतलेले, भाजी-फळे धुतलेले पाणी एका बादलीत साठवा. मासे धुतलेले पाणी आळ्याच्या कडेला ओतून वर माती ओढा, नाहीतर मांजरे वाफा उकरतील. आणि वजूचे पाणी. त्यात साबण नसतो, ते दिवसातून पाच वेळा पडते, आणि बहुतेक घरांत ते सरळ गटारात जाते. विद्यार्थ्यांनी एक प्रयोग करावा. नळाखाली बादली ठेवून एका दिवसात आपल्या घरातील सर्वांच्या वजूचे पाणी किती जमते ते मोजावे आणि वहीत लिहून विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवावे. नळ सोडून केलेला वजू आणि तांब्याने केलेला वजू यांतला फरकही त्यातच कळेल. कपड्यांचे साबणाचे पाणी मात्र पालेभाजीला कटाक्षाने घालू नये, ते केळीला किंवा नारळीला जाऊ द्यावे.

आता परीक्षेचे उत्तर. आपल्या भागात जुनी मडकी पडलेली असतात. पाच-सात लिटरचे, रंग किंवा चकाकी न दिलेले साधे मातीचे मडके घ्या. आळ्याच्या मधोमध गळ्यापर्यंत पुरा, पाण्याने भरा आणि तोंडावर झाकण ठेवा. झाकण विसरू नका, नाहीतर भाजीआधी डासांचे पीक येईल. मडक्याच्या अंगातून पाणी झिरपते, आणि भोवतालची माती कोरडी असेल तितके जास्त झिरपते. त्याच्या कडेने काकडीच्या किंवा दोडक्याच्या तीन-चार बिया टोचा. मडके दोन-तीन दिवसांआड भरले की झाले. परीक्षेच्या मुलाला यासाठी पाच मिनिटे लागतात. पालेभाजीच्या वाफ्याला रोज पाणी हवे, त्यासाठी फजरनंतरची दहा मिनिटे पुरेत. ऊन तापण्यापूर्वी दिलेले पाणी मुळांशी जाते, दुपारी दिलेले वाऱ्यावर जाते. रोज दहा मिनिटांनी कोणाचे गुण कमी झाल्याचे मी ऐकलेले नाही. मोबाईलवर त्याहून जास्त वेळ जातो.

आणि इथे एक स्पष्ट बोलतो, राग मानू नये. परसबाग म्हटले की घरोघर ते काम अम्मीच्या आणि मुलींच्या गळ्यात पडते. अम्मी आधीच घर चालवते. ज्या घरचा पुरुष परदेशी आहे त्या घरात तर बाजार, बँक, दवाखाना सारे तीच पाहते. तिच्यावर आणखी एक वाफा लादायचा असेल तर न लावलेला बरा. पाणी घालण्याचे काम मुलाने करावे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला दोन बादल्या उचलणे अवघड नाही, तो तेवढ्या वेळात क्रिकेटच्या मैदानाच्या चार फेऱ्या मारतो.

काय लावावे? उन्हाला न घाबरणाऱ्या भाज्या. त्यांत पहिला मान माठाचा. लाल असो, हिरवा असो, त्याला ऊन आवडते. बी फार बारीक, म्हणून चिमूटभर बियांत मूठभर रेती मिसळून फेकावे, वर माती अगदी पातळ. पंचवीस-तीस दिवसांत भाजी तयार होते. उपटण्याऐवजी शेंडे खुडले तर तेच झाड पुन्हा फुटते. दर पंधरा दिवसांनी एक लहानसा वाफा पेरत गेल्यास खंड पडत नाही. सगळे बी एकाच दिवशी पेरणाऱ्याच्या घरी आठवडाभर माठच माठ आणि नंतर महिनाभर काही नाही, अशी गत होते.

भेंडीचे बी रात्रभर भिजवून हातभर अंतरावर टोचावे. पंचेचाळीस-पन्नास दिवसांत पहिली तोडणी येते, आणि मग दिवसाआड तोडावीच लागते. दोन दिवस विसरलात तर ती लाकूड होते, शिवाय झाड नवी फुले धरायचे थांबवते. पाच माणसांच्या घराला पंधरा-वीस झाडे आठवड्यातून दोन वेळची भाजी देतील. पाने पिवळी पडून शिरांची जाळी दिसू लागली तर तो केवडा रोग. तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो. तसे झाड उपटून जाळावे, त्याची कीव करू नये. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा 'परभणी क्रांती' हा वाण या रोगाला दाद देत नाही म्हणून नावाजला गेला. गवारीला फारसे लाड लागत नाहीत, भिंतीकडेच्या रिकाम्या पट्टीत ती येते.

वेलींत दोडका, कारले, काकडी, दुधी. आपल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाने, ज्याची स्थापना १९७२ ची, कोकणाच्या हवामानासाठी 'कोकण तारा' हे कारले आणि 'कोकण हरिता' हा दोडका काढला आहे. मिळाले तर तेच बियाणे घ्यावे. प्रत्येकी दोन वेल घराला पुरेत. दहा वेल लावून शेजाऱ्यांना दुधी वाटत फिरण्याची वेळ येते, आणि पुढे शेजारीही दार उघडेनासे होतात.

वेलींबद्दल एक तक्रार मला नेहमी ऐकायला मिळते, की फुले खूप येतात पण फळ धरत नाही. वेलीवर नर आणि मादी अशी दोन वेगळी फुले असतात. आधी बहुधा नर फुलेच येतात आणि गळून पडतात, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. ज्या फुलाच्या मागे बोटभर चिमुकले फळ दिसते ते मादी. मधमाश्या नसतील तर नर फूल तोडून, पाकळ्या मागे सारून, त्यातले पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावेत. मात्र वेळ साधावी लागते. काकडीचे आणि कारल्याचे फूल सकाळी उमलते, दोडक्याचे आणि दुधीचे संध्याकाळी. दुधीचे पांढरे फूल मगरिबच्या सुमारास ताजे असते, सकाळी पाहायला गेलात तर ते मिटून मलूल झालेले दिसेल. जीवशास्त्राच्या पुस्तकात परागीभवनाची आकृती काढून पाच गुण मिळतात. एकदा दोडक्याच्या वेलीपाशी संध्याकाळी उभे राहिलात तर ती आकृती जन्मभर विसरणार नाही.

फळे वाकडी होऊन सडू लागली तर ती फळमाशी. कोवळ्या फळाला कागदाची पिशवी बांधावी आणि किडकी फळे उकिरड्यावर न टाकता खोल पुरावीत. आंब्याच्या बागेतला फळमाशीचा सापळा इथे चालत नाही. वेलीवरची माशी वेगळी, तिला क्यू-ल्यूरचे आमिष लागते. मावा किंवा तुडतुड्यांसाठी निंबोळ्या कुटून, लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम, रात्रभर भिजवून, गाळून, किंचित साबण घालून संध्याकाळी फवारावे. घरच्या भाजीवर दुकानातले विषारी औषध मारायचे असेल तर मग ती बाजारातूनच आणलेली काय वाईट?

आता कोथिंबीर-पुदिना. २०२४ आणि २०२५ साली रमजान मार्चमध्ये आला आणि इफ्तारच्या चटणीसाठी जुडीमागे धावाधाव झाली. पुदिना सर्वांत सोपा. बाजारच्या जुडीतल्या जाड, निरोगी काड्या निवडा, खालची पाने काढा आणि पेल्यातल्या पाण्यात ठेवा. आठ-दहा दिवसांत मुळे फुटतात. मग कुंडीत लावा, दुपारच्या सावलीत ठेवा. जमिनीत मोकळा सोडला तर तो सगळा वाफा बळकावतो. कोथिंबीर मात्र मानी आहे. वाणसामानातले धणे चालतात, पण ते भाजलेले नकोत आणि फार जुने नकोत. एका धण्यात दोन बिया असतात, म्हणून फळकुटाखाली हलके रगडून त्यांची दोन दले करावीत, अर्धा दिवस भिजवून पेरावेत. उगवायला आठ-दहा दिवस लागतात. ऊन लागले की कोथिंबीर पाने सोडून फुलावर येते, तेव्हा वेलीच्या मांडवाखाली तिला जागा द्यावी आणि दर दहा दिवसांनी मूठभर पेरत राहावे. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. काही वर्षांत तो जानेवारीत येईल, आणि मग कोथिंबीर आपसूकच साधेल. गवती चहा, ओव्याचे पान आणि सरबतात घालायचा सब्जा, यांना एकेक कोपरा पुरे.

मुंबईला, मुंब्र्याला राहणाऱ्या नातलगांसाठी दोन शब्द. त्यांच्याकडे परस नाही, पण गॅलरी आहे. तेलाचा डबा, रंगाची बादली, तळाला भोके पाडलेली काहीही चालेल. बादलीत रंगाचा अंश राहू देऊ नये. पुदिन्याला वीतभर खोली, भेंडीला हातभर. डबा उन्हात तापतो आणि मुळे शिजतात, म्हणून भोवती ओले गोणपाट गुंडाळावे. चार तास ऊन येत असेल तर पालेभाजी होते. सहा तासांपेक्षा कमी ऊन असलेल्या गॅलरीत भेंडी-दोडक्याच्या नादी लागू नये.

शेवटी बी. वेलीवरचा पहिला चांगला दोडका खायचा मोह आवरून तसाच ठेवावा. तो वाळून हलवला की खुळखुळतो, तेव्हा काढावा. काकडी पिवळी होऊन पूर्ण पिकली की तिचे बी धुऊन सावलीत वाळवावे. आपल्या दाद्या-नान्या बियांत चुलीची राख मिसळून बाटलीत भरत, कीड लागत नसे. तसेच करावे आणि बाटलीवर नाव व महिना लिहावा. पाकिटावर 'संकरित' लिहिलेल्या बियाण्याचे बी धरू नये, पुढच्या पिढीत ते तसेच निघत नाही. मृग लागला की मांडव मोडू नका, दोरखंड तेवढे घट्ट करा. त्याच मांडवावर पावसाळी दोडका आणि पडवळ चढतात. फक्त सपाट वाफे तेव्हा उचलून गादीवाफे करायचे.

माझ्या घरच्या दोडक्याच्या आणि लाल माठाच्या बिया मी पुड्या बांधून आणल्या आहेत. त्या मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. एका घराला एक पुडी मिळेल, आणि ती घ्यायला घरातल्या मुलाने यावे.